काकूंचा डावा कान

आयर्लंडमध्ये रुबार्बचं लोणचं पहिल्यांदा कोणी घातलं, असा वाद कधी निघालाच तर साक्ष द्यायला मी तयार आहे. ते सरोजकाकूंनी घातलं, डब्लिनच्या सँट्री भागात, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये. इमारतीमागच्या बैठ्या घरात एक आयरिश आजीबाई राहायच्या. त्यांच्या परसातले लालसर दांडे काकूंनी कुंपणावरून पाहिले, एक मोडून चाखला, डोळे बारीक केले आणि आजीबाईंना म्हणाल्या, "लई आंबट हाय की ओ. ह्याचं लोणचं झ्याक हुईल." आजीबाईंनी हसून दोन जुड्या कापून दिल्या. त्यानंतर दर उन्हाळ्यात ह्या दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी गप्पा मारायच्या, एक कोल्हापुरीत आणि एक डब्लिनच्या इंग्रजीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे दोघींचं कधीच काही अडलं नाही.

सरोजकाकू म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मिलिंदच्या आई. कोल्हापुरात बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या. नात आर्या जन्मली तेव्हा पहिल्यांदा आल्या आणि मग दर उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी यायच्या. अंगाने भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. साडी, साडीवर मुलाचा जुना रेनकोट आणि पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज अशा वेशात त्या आर्याला बाबागाडीत घालून निघाल्या की समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत. कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असं बोलतात हे मी पुण्यात ऐकून होते. पण एक आजी भरल्या दुपारी माझ्या दारात उभी राहून "मी आलो गं, च्या टाक" म्हणते, तेव्हा ते किती शोभून दिसतं ते मला सँट्रीत कळलं.

चहा घेणार का असं त्यांना विचारायची सोय नव्हती. "इचारतीस काय? पुण्याची हाईस म्हणून सोडतो," असं म्हणून त्या स्वतः प्रेस उघडून साखरेचा डबा काढायच्या. कपाटाला प्रेस म्हणायचं हे त्या आमच्याआधी शिकल्या होत्या. दुसरा शिकलेला शब्द ‘ग्रँड’. भात ग्रँड, हवा ग्रँड, व्याह्यांची तब्येत ग्रँड. बालवाडीच्या बाई असल्यामुळे समोरचा माणूस केवढाही असो, त्याला नाक पुसायची गरज आहे का, हे त्या आधी बघत. माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तेव्हा त्याला तिथेच उभा करून, शर्ट अंगावर असतानाच त्यांनी ते लावलं होतं, आणि "तोंडात कायतरी धर, न्हाईतर अक्कल शिवली जाती" म्हणून त्याच्या तोंडात शेंगदाणा कोंबला होता.

आता आमच्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आम्ही सगळे दुखणी साठवून ठेवायचो. दात डिसेंबरमध्ये पुण्यात, चष्म्याचा नंबर पुण्यात, पाठीचा एक्स-रे पुण्यात. इथल्या डॉक्टरांवर राग नव्हता, पण आपल्या डॉक्टरांना आपलं आडनाव पाठ असतं, आणि इथे सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जिवावर यायचं. भेटीला येणारे आईवडील तर आमच्याही वरताण. मुलाच्या घरी आजारी पडायचं म्हणजे पाहुण्याने ताटात उष्टं टाकण्यासारखं. तिकडून येताना ते गोळ्यांचे डबे घेऊन यायचे आणि जाताना इथली दुखणी बांधून न्यायचे. "आता गेल्यावर दाखवू की" हे वाक्य मी सगळ्या जिल्ह्यांच्या मराठीत ऐकलेलं आहे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकू उठल्या आणि त्यांचा डावा कान बंद होता. दुखत नव्हता, वाहत नव्हता, नुसता बंद, आणि आत गिरण चालू. गिरण हा त्यांचाच शब्द. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दिवसभर चालते ना, तशी. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. लसूण तडतडवून तेल कोमट केलं, दोन थेंब घातले, कापूस लावला आणि वर पदर घेतला. सून केतकी म्हणाली, "आई, पदर का?" तर म्हणाल्या, "गार वारं लागतंय." डब्लिनच्या वाऱ्यावर कोणी काहीही ढकलावं, तो नाही म्हणत नाही.

बातमी फोडली ती आर्याने. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती, मराठी सगळं समजायचं आणि उत्तर सँट्रीच्या इंग्रजीत द्यायची. तिची एक सवय होती. काकू तिला डाव्या कडेवर घ्यायच्या आणि ती त्यांच्या कानाला तोंड लावून गुपितं सांगायची. प्लेस्कूलमध्ये कोण रडलं, कोणी कोणाचं बिस्किट पळवलं. काकू ऐकून डोळे मोठे करायच्या आणि एक उलटा प्रश्न विचारायच्या, हा त्यातला खरा मजेचा भाग. त्या दिवशी मी मिलिंदकडेच होते. आर्याने गुपित सांगितलं, काकू म्हणाल्या, "व्हय व्हय, ग्रँड." प्रश्न काही विचारला नाही. आर्याने परत सांगितलं. परत "व्हय व्हय." मग ती खाली उतरली, आईकडे गेली आणि तक्रार केल्यासारखं म्हणाली, "मम्मा, आज्जीज इअर इज ब्रोकन. दॅट वन."

मिलिंदने चौकशी केली तेव्हा कळलं की ह्या गोष्टीला तीन आठवडे उलटले होते. "अगं आई, सांगायचंस नाही का?"

"काय सांगायचं? वय झालं. कान जायचेच. जाऊन आमच्या डॉक्टरला दाखवतो की."

मिलिंदला दुसऱ्या दिवशी नावन नावाच्या गावी क्लायंटकडे जाणं भाग होतं, केतकी नव्या नोकरीत होती, म्हणून काकूंबरोबर दुभाषी म्हणून मी गेले. आधी आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे, आणि तिथून चिठ्ठी घेऊन हॉस्पिटलात. कान तपासणारी डॉक्टर तरुण होती, दक्षिणेतल्या कॉर्क शहराकडची, बोलताना वाक्याच्या शेवटी सूर वर नेणारी. तिने कानात पाहिलं, चिमट्यासारखा एक धातूचा काटा वाजवून कपाळावर टेकवला आणि आवाज कुठल्या बाजूला येतो ते विचारलं. काकूंनी उजवा कान दाखवला. मग एका बंद खोलीत बसवून तपासणी झाली. मळ नव्हता, विमानाचा त्रास नव्हता. आतल्या नसेने एकाएकी काम सोडलं होतं.

डॉक्टर बोलत होती, मी मराठी करत होते, आणि काही वाक्यं मराठी करताना माझी जीभ अडखळत होती. गोळ्या देते, ती म्हणाली, पण ह्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत दिल्या तर गुण येण्याची आशा जास्त, आठवडे गेले की कमी. तरुण माणसाची नस पुष्कळदा सावरते. साठीच्या पुढे सावरणं अवघड होत जातं, त्यात ह्यांना शुगर आहे. मग पेन खाली ठेवून ती म्हणाली, "पण नुसतं वयच आड येतं असं नाही. म्हातारी माणसं आमच्याकडे उशिरा येतात. कारण घरच्यांना वाटतं हे वयाचं आहे, आणि त्यांना स्वतःलाही तसंच वाटतं."

हे मी सांगितल्यावर काकूंनी डॉक्टरकडे नीट वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "तिला सांग, लई खरं बोललीस म्हणावं. आणि तो काटा काय कळाय वाजवला, ते इचार." डॉक्टरने समजावलं. नुसता मळ असेल तर काट्याचा आवाज बंद कानात वाजतो, नस गेली असेल तर चांगल्या कानात पळतो. घरी काटा नसेल तर ओठ मिटून गुणगुणलं तरी अंदाज येतो, फक्त नक्की काय ते तपासल्यावरच सांगता येतं. काकूंनी तिथेच खुर्चीत बसून तीनदा गुणगुणून पाहिलं.

गोळ्यांचा कोर्स झाला. शुगर चढली, गूळ बंद झाला, आणि गूळ बंद झाल्यावर काकूंचा स्वभाव जरा तिखट झाला. कान मात्र फारसा परत आला नाही. कोणी दार आपटलं तर कळायचं. गिरण चालूच राहिली. आर्या हळूहळू उजव्या कडेवर बसायला शिकली, पण काकूंच्या उजव्या हाताला कायम काहीतरी काम असायचं, उलथनं, पिशवी, नाहीतर जिन्याचा कठडा. गुपितं कमी झाली. 

पुढच्या उन्हाळ्यात त्या परत आल्या. आणि मग तीच वेळ माझ्यावर आली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. एका मंगळवारी आंघोळ करून निघाले तर उजव्या कानात पाणी गेल्यासारखं वाटलं. एका पायावर उड्या मारल्या, काही निघेना. नवरा कामासाठी कॉर्कला, माझ्याकडे शुक्रवारी नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज. सर्दी असेल, म्हटलं, आणि फारच झालं तर डिसेंबरमध्ये पुण्यात आहेच आपला डॉक्टर. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून, एवढं सगळं स्वतःच्या तोंडाने मराठी करूनसुद्धा मी असा विचार केला. सवय ही फार चिवट गोष्ट असते.

जिन्यात काकू भेटल्या. मी नुसतं म्हटलं, "आज कानात जरा दडा बसलाय." त्यांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"कवापासून?"

"सकाळपासून. सर्दी आहे हो काकू."

"तोंड मीट. म्हण, हूंऽ."

मी जिन्यात उभी राहून गुणगुणले.

"कुठं वाजतंय?"

"डावीकडे."

"बंद कुठला?"

"उजवा."

काकूंनी पिशवी उचलली नाही. तशीच राहू दिली आणि माझं मनगट धरलं. "चल."

मी ऑफिस, मीटिंग, शुक्रवार असं काय काय सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या कंप्युटरला कान हाईत का? न्हाईत न्हवं? मग त्याला काय घाई न्हाई." दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने वही चाळून गुरुवार सकाळ देऊ केली. मी ‘थँक यू’ म्हणून वळणार, तेवढ्यात काकूंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि आपल्याकडचं इंग्रजी एका शब्दात संपवलं. "टुडे." मग शांतपणे मराठीत पुढे म्हणाल्या, "तू बस बाळ निवांत. आम्ही बसतो हितंच. आम्हाला काय घाई न्हाई, पण कानाला हाय." ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "शी कॅन वेट, शीज ग्रँड." काकूंना ‘ग्रँड’ तेवढं कळलं, आणि त्यांनी अगदी मान्य असल्यासारखी मान हलवली.

दुपारी डॉक्टरांनी बघितलं, संध्याकाळच्या आत हॉस्पिटल झालं, आणि गोळीचा पहिला डोस मी काकूंच्या ओट्याशी उभी राहून घेतला. तेच दुखणं, त्याच गोळ्या. दहाएक दिवसांनी उजव्या कानात भांडी वाजायला लागली, मग माणसं, मग केतकीचा आवाज फोनवर. महिना-दीड महिन्यात जवळजवळ सगळं परत आलं. डॉक्टर म्हणाली, तू तरुण आहेस आणि लगेच आलीस, दोन्ही उपयोगी पडलं, पण कशाचं श्रेय किती ते मला विचारू नकोस, ते मलाही माहीत नाही.

तपासणीचा कागद घेऊन मी वर गेले. काकू लसूण सोलत होत्या. मी सांगितलं तशा म्हणाल्या, "झ्याक झालं." आणि सोलत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, जरा पोटात दुखलं बघ."

मी कागदाची घडी घातली.

"पण परवा नळ गळत हुता आत," त्या म्हणाल्या, "आणि तू इथनं वळून बघितलंस. मला ऐकूच आला नव्हता. तवा म्हटलं, चला, हिचा तरी आला कान. मग दुखायचं थांबलं." एवढं बोलून त्यांनी सोललेला लसूण माझ्यापुढे सरकवला. "ठेच आता. बरी झालीस न्हवं?"

त्यानंतर काकूंचा स्वभावच असा झाला की कोणी कानाला हात लावला तरी त्या सावध व्हायच्या. दोन हजार सहाच्या गणपतीत डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला एका हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो होतो. आरती झाली, प्रसादाची रांग लागली. नागपूरहून मुलाकडे आलेले भोयरकाका रांगेत काकूंच्या पुढे होते, पंच्याहत्तरीला टेकलेले, बारीक अंगाचे. ते हात वाडग्यासारखा करून एका कानामागे धरत होते. काकूंनी त्यांच्या मुलाला विचारलं, "ह्यांना ऐकू येत न्हाई व्हय?"

"वय झालं ना आता," मुलगा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नागपूरला जाताहेत, तिथे दाखवतील."

"काही नाही जी, वयाचंच आहे ते," भोयरकाकाही म्हणाले.

"कवापासून?"

"परवापासून."

"परवाच्या आधी येत हुतं?"

"हो, तसं येतच होतं."

काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग एका रात्रीत म्हातारे झाला व्हय तुम्ही?"

रांगेत हसू पिकलं. काकू हसत नव्हत्या. त्यांनी प्रसादाचा द्रोण मुलाच्या हातात दिला, "आधी दवाखाना, हे वाटंत खा" म्हणाल्या, आणि बापलेकांना गाडीपर्यंत सोडायला स्वतः गेल्या. तो मुलगा शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा. पण बालवाडीच्या बाईंनी सांगितल्यावर पोरं शूज घालतात तसे त्याने शूज घातले.

भोयरकाकांचा कान पुष्कळसा परत आला. मुलाने मिलिंदला फोन करून कळवलं आणि मिलिंदने काकूंना. मी तिथेच होते. काकूंचा चेहरा खुलला. "बघ, म्हटलं न्हवतं मी? पंच्याहत्तरीचा बाबा हाय तो." आणि मग तो चेहरा हळूहळू उतरत गेला. माझ्यापेक्षा मोठा हाय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काकू, डॉक्टर म्हणाली होती ना, कोणाचं येईल ते सांगता येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी गेला असतात तरी..."

"व्हय. न्हाईबी आलं असतं." त्यांनी मान हलवली. "पण वय झालं असं मीच म्हणालो गं. दुसऱ्या कुणी न्हाई म्हटलं. माझी पोरं असं बोलली असती तर मी भांडलो असतो त्यांच्याशी." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यांच्याजवळ जाऊन बसले.  थोड्या वेळाने त्या उठल्या आणि भोयरकाकांसाठी लोणच्याची बाटली भरायला घेतली. बाटलीचं तेल पुसताना म्हणाल्या, "ह्यात मीठ कमी हाय, त्यांना बीपी असंल."

दोन हजार सातच्या उन्हाळ्याच्या शेवटी त्या कोल्हापूरला परत गेल्या. मिलिंद आणि केतकीनेही भारतात परतायचं ठरवलं होतं, त्यामुळे काकूंचं पुन्हा येणं नव्हतं. विमानतळ सँट्रीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून आम्ही सगळे सोडायला गेलो. मी त्यांना वाकून नमस्कार केला. एवढी वर्षं साठलेलं काहीतरी बोलायचं होतं. ह्या बाईंनी मनगट धरलं नसतं तर मी शुक्रवारचं रिलीज केलं असतं, डिसेंबरची वाट पाहिली असती आणि उजवा कान घालवून बसले असते. पण तोंडातून नुसतं "काकू, जपून जा" एवढंच निघालं. त्यांनी माझ्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून हलवली, रेनकोट सावरला आणि आत शिरल्या.

तपासणीच्या रांगेपाशी त्या पोचल्या तेव्हा मला राहवेना. मी काचेच्या कडेला धावत गेले आणि मोठ्याने हाक मारली, "काकूऽ!"

त्यांनी ती ऐकली. गर्रकन वळल्या, पण भलतीकडे. एकाच कानाने ऐकणाऱ्याला हाक कुठून आली ते कळत नाही, हे डॉक्टरने सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. माझ्याकडे पाठ करून त्या अनोळखी गर्दीत मला शोधत होत्या, हसत होत्या, भरभरून हात हलवत होत्या. तिकडच्या एका आयरिश कुटुंबानेही हात हलवला. मी पुन्हा हाक मारली नाही. मारली असती तरी त्या आणखी तिसरीकडे वळल्या असत्या.

मग रांग पुढे सरकली आणि त्या माणसांच्या आड गेल्या. दिसेनाशा झाल्यावर त्यांचा आवाज आला, "येतो गं मी!" घोषणा चालू होती, ट्रॉल्या खडखडत होत्या, पोरं रडत होती. पण मला दोन्ही कान होते, आणि एवढ्या गोंगाटात तो आवाज नेमका कुठून आला ते मला कळलं. काकू दिसत नव्हत्या, तरी मी त्या जागेकडे बघत हात हलवत राहिले.